फोटोतली भांडी

कलाबाई सकाळपासून घरभर अनवाणी हिंडत होत्या आणि उजव्या पायाच्या अंगठ्यानं भुई चाचपत होत्या. मधल्या खांबापाशी थांबायच्या, अंगठा मागं-पुढं घासायच्या, मान हलवायच्या नि पुढं सरकायच्या. अल्का दारात बसून वर्षभराच्या लेकीला, गुंजनला, वरण-भात भरवत होती. तिला वाटलं, सासूबाईंच्या कानातली फिरकी पडली असेल.

"का शोधून राहिल्या आत्या? फिरकी हरपली का?"

"फिरकी नाई वो. चिंचोके."

अल्काचा घास हातातच राहिला. गुंजन तोंड उघडं ठेवून वाट पाहू लागली.

"कोणते चिंचोके?"

"गळतीचे. पावसात जिथं थेंब पडते ना, तिथं मी ओल्या भुईत चिंचोका दाबून ठेवते. वरून कितीई सारवा, पायाले गाठ लागते. मंग उन्हाळ्यात छपराचे कवेलू फेरताना तुहे मामाजी बरोबर त्याच्यावरची जागा पाहतेत. नऊ होते. एक बी सापडून नाई राहिला."

नऊ. अल्काला आकडासुद्धा पाठ होता. हिवाळ्यात कलाबाई तिरोड्याला लेकीकडे पंधरा दिवस गेल्या होत्या आणि नेमकी तेव्हाच गुंजन रांगायला लागली होती. एके दुपारी पोरीनं भुईतून काहीतरी उकरलं आणि तोंडात घातलं. अल्कानं बोट घालून काढलं, तर चिंचोका! मग तिनं गुडघ्यावर बसून तळहातानं सगळी भुई तपासली, उरलेले आठही उकरले, भोकं मातीनं बुजवली आणि वरून असं गुळगुळीत सारवलं, की परत आल्यावर सासूबाई म्हणाल्या होत्या, "झ्याक सारवलं वो." त्या एका शब्दावर अल्का दोन दिवस फुलून होती.

"आत्या, ते मी काढले."

"काढले?"

"गुंजननं एक तोंडात घातला होता ना. मले का मालूम, मुद्दाम ठेवले म्हणून. मले वाटलं, चिंच खाता खाता पडले असतीन."

"भुईत रोवून रोवून कोण चिंच खाते वो?"

पडवीतल्या खाटेवरून केवळराम, अल्काचे सासरे, खो खो हसले. "लोकेसची माय, तुही बँकच उठवली सुनेनं!"

"तुमी हसा. आता सांगा, कोठी गळते ते?"

केवळरामांचं हसू थांबलं. चाळीस वर्षं ते चिंचोक्याच्या भरवशावर वर चढत आले होते आणि अल्कालाही उकरलेल्या जागा आठवत नव्हत्या.

गोष्ट साधी चिंचोक्यांची नव्हती. लोकेशनं, म्हणजे अल्काच्या नवऱ्यानं, मागच्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, की यंदा पहिल्या वादळात घर गळलं तर कवेलू, म्हणजे छपरावरची मातीची कौलं, उतरवायचे आणि टिनाचे पत्रे टाकायचे. गोंदियातल्या दुकानात तो बोलूनही आला होता. त्याचंही चुकीचं नव्हतं. गावातली निम्मी घरं टिनाची झाली होती. कवेलूवर माकडं नाचतात, फोडतात, दरसाल फेरावे, म्हणजे काढून नव्यानं रचावे लागतात. बाबांचा गुडघा गेला. कवेलू फेरणारा सुखराम गावात एकटाच उरला आणि त्याच्याकडे सतरा घरं आधीची. मागच्या साली शेजारच्या ओमेशला चढवलं, तर नव्वद किलोच्या ओमेशनं चार बदलले आणि अकरा फोडले.

पण अल्काचं माहेर मुर्रीचं, आणि माहेरचं घर टिनाचं. टिनाखालची दुपार काय असते, हे तिला कोणी सांगायला नको होतं. गुंजन मागच्या मे महिन्यात तिथंच झाली. कूलर लावा, ओली चादर बांधा, काही करा. महिनाभराच्या लेकराच्या पाठीवर घामोळ्यांची नुसती रांगोळी. रात्रंदिवस रडायची. सासरी आणली, या कवेलूखालच्या खोलीत झुल्यात टाकली, आणि पोर पहिल्यांदा सलग तीन तास झोपली. अल्का तेव्हा झुल्याची दोरी धरून बसल्या बसल्या झोपली होती. त्या तीन तासांसाठी ती या छपराचं देणं लागत होती. हे लोकेशला सांगितलं, की तो म्हणायचा, "अन् पावसात झुला इकडून तिकडं, तिकडून इकडं सरकवत होती, ते भुलली का?"

भुलली नव्हती. म्हणूनच घर गळू द्यायचं नव्हतं.

दुपारी गुंजन झोपली. अल्काला दिवसातला हाच काय तो आपला वेळ. एरवी ती या वेळात मोबाईल उघडायची आणि गुंजनचे जुने फोटो पाहत बसायची; पोर शेजारी झोपलेली असायची नि ही पोरीच्याच फोटोत रमायची. आजही सवयीनं तिनं तेच केलं. मागच्या जुलैतला एक फोटो. कलाबाईंच्या लांब केलेल्या पायांवर तेल लावलेली दीड-दोन महिन्यांची गुंजन, मुठी आवळलेल्या, तोंड वाकडं. अल्का हसली. आणि हसता हसता तिची नजर पोरीच्या मागं गेली.

मागं भिंतीशी परात होती. परातीत पाणी होतं.

ती ताडकन उठून बसली. पुढचा फोटो. गुंजन पहिल्यांदा हसली तो. मधल्या खांबापाशी पिवळी बादली. पुढचा. झुल्यात झोपलेली, पायाकडच्या बाजूला पितळी गुंडी. पुढचा, त्याच्या पुढचा. पावसाळ्याच्या दोन महिन्यांत तिनं पोरीचे चारशे फोटो काढले होते आणि निम्म्या फोटोंत कुठलं ना कुठलं भांडं थेंब झेलत बसलं होतं.

"आत्या! मामाजी! या ना इकडं!"

"हळू वो, पोट्टी उठते!"

मग तिघं फोटो पाहायला बसली. केवळरामांना मोबाईलमधलं नीट दिसत नव्हतं, म्हणून अल्का मोठा करून दाखवत होती नि सांगत होती. कलाबाई एक एक भांडं आणून भुईवर मांडत होत्या.

"हा कोणता?"

"नाक पुसताना."

"नाकाचं नोको सांगू, भांड्याचं सांग."

"डेगची. आलमारीच्या अलीकडं. अजून थोडं अलीकडं. हं, तिथंच."

"अवो, हे पाह्य, माही डेगची! तवा काळी नव्हती एवढी."

"मामाजी, या फोटोत तुमी बी हाव. तोंड उघडं टाकून झोपले."

"झोपलो नाई, वरतं पाहून राहिलो. कवेलू तपासून राहिलो."

"डोळे मिटून?" कलाबाई म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत भुईवर आठ भांडी मांडून झाली. चारशे फोटो तीनदा पाहून झाले, पण नववं भांडं काही सापडेना.

"नऊ होते," कलाबाई म्हणाल्या. "मोजून नऊ."

"मले बी नऊच सापडले होते," अल्का पुटपुटली.

जागा कळल्या, पण चढणार कोण? लोकेश राईस मिलमध्ये वायरमन, सकाळी जायचा तो दिवस मावळल्यावर यायचा. केवळराम खाटेवरून उठून म्हणाले, "मी चढतो, का होते?" आणि उठता उठताच गुडघा धरून परत बसले.

"मी चढते," अल्का म्हणाली.

"तू?"

"ओमेशभाऊ नव्वद किलो. मी पंचेचाळीस. कवेलूले कोण झेपन?"

कलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. केवळराम सुनेकडे पाहत होते, जणू बाजारात काटक कालवड दिसली असावी.

"कवेलूखालच्या लाकडी फाट्यावर पाय ठेवजो," ते एवढंच म्हणाले. "कवेलूवर नाई."

दुसऱ्या दिवशी सूर्य तापायच्या आत अल्का लोकेशची जुनी पँट नि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून शिडीवर चढली. दुसरी एक हलकी शिडी छपरावर आडवी टाकली होती, म्हणजे भार एका जागी पडू नये. वर कडुनिंबाचा पाला साचून काळा झाला होता. उताण्या कवेलूच्या पन्हाळीतून पाणी वाहायचं, ती पन्हाळच पाल्यानं बुजली होती. तिनं खराट्यानं पाला लोटला. धूळ, पाली, माकडांनी टाकलेल्या आंब्याच्या कोया. आणि फुटलेले कवेलू. खालून न दिसणारे, वरून ओठ फाटल्यासारखे दिसणारे.

केवळराम आत परातीपाशी उभे. हातात लांब बांबू. त्यांनी खालून एक कवेलू हळूच टोचला.

"हालला का?"

"हालला! हा का?"

"तो नोको काढू. पाणी शिरते एकीकडं, पडते दुसरीकडं. हा थेंबाचा कवेलू. आता फाट्याफाट्यानं वरतं जा. हातभर. तिथं पाह्य."

ती हातभर वर सरकली. पालथा कवेलू उचलला. खालचा उताणा मधोमध चिरलेला.

"सापडला मामाजी! चिरला हाय!"

"मंग! चाळीस सालं का झक मारली का मी?"

तिला इतका आनंद झाला, की ती वरच बसून हसली. खालून कलाबाई, कडेवर गुंजन, तोंड वर करून ओरडत होत्या, "हसू नोको, पडशीन!" गुंजनला आई छपरावर दिसत होती, तिला यात फार गंमत वाटत होती. बिरसीच्या विमानतळाकडून शिकाऊ विमान घरघरत डोक्यावरून गेलं. गुंजननं आधी विमानाकडं बोट केलं, मग आईकडं. दोघंही वरच. तिच्या लेखी फरक नव्हता.

गल्लीतून ओमेश चालला होता. थांबला. "का वो वहिनी, पायलट होऊन राहिली का?"

"तुमी फोडलेले अकरा मोजून राहिली!"

असे तीन दिवस गेले. रोज सकाळी दोन-अडीच तास, गुंजन रडेपर्यंत. मागच्या अंगणात रचून ठेवलेल्या जुन्या कवेलूंतून केवळराम एक एक वाजवून बघायचे. खणखणीत वाजला तर वर, बद्द वाजला तर बाजूला. परात झाली, बादली झाली, गुंडी, डेगची, सगळी आठ झाली. लोकेश रोज संध्याकाळी यायचा, वर पाहायचा आणि हातपाय धुवायला जायचा. तिसऱ्या दिवशी बायकोच्या सोललेल्या कोपरावर त्यानं न विचारता खोबरेल लावलं आणि म्हणाला, "पाहू. वादळ येऊ दे."

रविवारी आलं. दिवसभर अंगाला चिकटणारा उकाडा, पंखा नुसता गरम वारा ढवळत होता. चार वाजता पश्चिम काळी झाली, झाडं एकदम गप्प झाली आणि मग धुळीचा लोट उठला. लाईन गेली. पलीकडच्या घराचा एक पत्रा धडाधड वाजायला लागला. कलाबाईंनी दारं लावली आणि सवयीनं आठही भांडी आपापल्या जागी मांडली. पाऊस तिरपा आला, आडवा आला, गारा घेऊन आला. कवेलूवर गारा अशा वाजत होत्या, जणू कोणी वरून सुपानं वाटाणे ओततंय.

सगळे भांड्यांकडे बघत होते. परात कोरडी. बादली कोरडी. गुंडी कोरडी. गुंजन आपल्या पायांवर उभी राहून या भांड्यावरून त्या भांड्यापर्यंत जात होती, प्रत्येकात डोकावत होती आणि रिकामं पाहून "नाई" म्हणत होती. तिचा तो नवाच शब्द होता.

"डेगची?" लोकेशनं विचारलं.

"नाई," गुंजन म्हणाली.

अल्काला हे सोडवेना. तिनं मोबाईल काढला, पोरीचा फोटो घ्यायला नेहमीसारखी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. तिथून उजेड चांगला येतो, पाठीशी खिडकी असते. तिनं मोबाईल डोळ्यासमोर धरला.

टप्.

थेंब बरोबर भांगात पडला.

ती तशीच उभी राहिली. दुसरा थेंब कपाळावर आला, नाकावरून घरंगळला. चारशे फोटो तिनं याच जागेवरून काढले होते. या जागेचा फोटो कोण काढणार?

"आत्या," ती हळूच म्हणाली, "नववा सापडला."

तिची नजर लोकेशकडे गेली. घर गळलं होतं. बोली झाली होती.

लोकेश उठला. त्यानं वर पाहिलं, खाली पाहिलं, मग बायकोच्या नाकाच्या शेंड्यावर थांबलेल्या थेंबाकडे पाहिलं. तिच्या हातातून मोबाईल घेतला नि चार पावलं मागं सरकला.

"हालू नोको," तो म्हणाला. "जागा हरपन."

आणि त्यानं फोटो काढला. भिजल्या भांगाची, डोळे बारीक केलेली, सोललेल्या कोपराची अल्का.

"टिनवाल्याले का सांगतो मंग?" खाटेवरून केवळरामांनी विचारलं.

"सांगतो, आमच्या घरी एकच थेंब हाय. एका थेंबासाठी कोण टिन टाकते?"

कलाबाई कोनाड्यातून एक चिंचोका घेऊन आल्या, भुईशी वाकल्या, मग गुंजनकडे पाहून थांबल्या. चिंचोका त्यांनी परत कोनाड्यात ठेवला आणि थेंबाखाली अल्काच्या पायाशी वाटी ठेवली.

गुंजन डुलत डुलत आली. वाटीत डोकावली. टप्.

"हाय!" ती म्हणाली.