दात भरलेली किटली

थांबा, झाकण उचलण्याआधी माझं थोडं ऐकून घ्या. मी एक चांदीची किटली आहे, चहाची. पोट गोल, नळी लांब मानेची आणि मूठ काळ्या लाकडाची. चांदी फार लवकर तापते आणि हात भाजलेला पाहुणा पुन्हा चहाला येत नाही, म्हणून माझ्या कारागिराने लाकूड वापरलं.

त्याने मला एका सपाट पत्र्यातून घडवलं. ठोकायचा, तापवायचा, पुन्हा ठोकायचा. चांदी ठोकली की ताठ होते आणि तापवली की मऊ होते. माणसं मात्र ठोकली तरी ताठ आणि तापली तरी ताठच, असं तो म्हणायचा. माझ्या पाठोपाठ त्याने दूधदाणी आणि साखरदाणी घडवली. त्या माझ्या धाकट्या बहिणी. तिघींच्या अंगावर एकच वेल आहे, माझ्यापासून सुरू होऊन साखरदाणीवर संपणारा.

पहिल्या घरात आम्ही रोज राबलो. भरलं घर होतं. चहाची वेळ झाली की दिवाणखान्यात बसायला जागा नसायची. तिथल्या थोरल्या सुनेच्या ओल्या हातातून मी एकदा निसटले आणि नळीच्या बुडाशी भेग पडली. भांडी दुरुस्त करणाऱ्याने त्यावर कथील ओतून डाग दिला. तो राखाडी, ओबडधोबड, चामखिळीसारखा दिसायचा. पण गळती थांबली आणि घरात कोणी नाक मुरडलं नाही. मीही नाही. ज्याला काम असतं त्याला आरशात बघायला सवड नसते.

पुढे ते घर पांगलं. आम्ही तिघी ट्रंकेत काळ्या पडलो, मग जुन्या वस्तूंच्या दुकानात आलो. तिथे आम्हाला डॉक्टरांनी पाहिलं.

डॉक्टर म्हणजे दाताचे डॉक्टर. खाली दवाखाना, वर घर. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावून थकलेला हा माणूस वर आला की काचेच्या कपाटासमोर बसायचा आणि चेहरा उजळायचा. कपाटात चमचे, तबकं, अत्तरदाण्या. मधल्या फळीवर आम्ही. पाहुणे आले की डॉक्टर हातमोजे घालून मला बाहेर काढत, वेल दाखवत, कारागिराची खूण दाखवत. मग मी परत कपाटात आणि चहा स्टीलच्या पातेल्यातून.

डॉक्टरांच्या बायकोने एकदा म्हटलं होतं, एक कप तरी हिच्यातून ओतून बघू या. डॉक्टर म्हणाले, ती वापरायची नाही, जपायची आहे. त्यावर त्या म्हणाल्या, मलाही असंच जपलं असतं तर बरं झालं असतं.

चांदीच्या भांड्यांचा छंद असणाऱ्यांचं एक मंडळ होतं. ते दरवर्षी प्रदर्शन भरवायचं. सगळ्यांची भांडी मांडून झाली होती, डॉक्टरांची एकदाही नाही. या वेळी आमच्या तिघींचा संच घ्यावा, खाली डॉक्टरांच्या नावाची पाटी लागावी, ही त्यांची फार दिवसांची आस होती. निवड करायच्या त्या मंडळातल्या एक बाई, हातात कायम भिंग. त्यांचा एक रिवाज होता: आधी भांड्यातून ओतायचं, मग भिंग लावायचं. ज्यातून ओतता येत नाही त्याला त्या भांडं म्हणतच नसत.

बाई घरी भांडी बघायला यायच्या आदल्या दिवशी दुपारी डॉक्टर मला शेवटचा हात फिरवायला खाली दवाखान्यात घेऊन गेले. पेशंटच्या खुर्चीशेजारच्या टेबलावर ठेवलं, दिवा ओढला आणि त्यांची नजर नळीच्या बुडाशी गेली. राखाडी, खडबडीत, कडेला चिकटलेलं. उभा जन्म त्यांनी असंच काही बघून एकच गोष्ट केली होती. कीटण बसलंय, ते पुटपुटले, आणि दात खरवडायचं हत्यार हातात घेतलं.

त्यांचा हात मोठा सफाईदार. डाग निघाला, तसा त्यांनी समाधानाने मला नळाखाली धरलं. भेगेतून पाणी थेट त्यांच्या मांडीवर.

डॉक्टर तसेच ओल्या कपड्यांनी उठले. वर जाऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. त्या आधी हसल्या, मग त्यांचा चेहरा बघून त्यांनी हसू आवरलं. शेवटी म्हणाल्या, तुम्ही इतक्यांची भोकं बुजवता, हिचंही बुजवा. दातात गरम चहा चालतो ना? मग झालं तर.

आणि माझा दात भरला गेला. चांदीत एक पांढरा ठिपका.

दुसऱ्या दिवशी मला ठिपक्याची बाजू भिंतीकडे करून मांडलं होतं. भिंगवाल्या बाईंनी रिवाजाप्रमाणे माझ्यातून चहा ओतला. खरं सांगते, किती वर्षांनी पोटात ऊब गेली होती. धार अशी पडली की थेंबही बशीत सांडला नाही. बाई खूश झाल्या. संच घेतला म्हणाल्या, पाटीवर नाव कसं लिहू ते विचारलं. बायको डॉक्टरांकडे बघत होती. डॉक्टर कपाकडे.

मग त्यांनी कप खाली ठेवला.

"बाई, लिहू नका. नळीपाशी मी हिचा दात भरलाय."

बाईंनी मला फिरवलं, भिंग लावलं. डॉक्टरांनी सगळं सांगितलं, कीटणासकट. बाईंना हसू आवरेना. हसू ओसरल्यावर त्या हळूच म्हणाल्या,

"डॉक्टर, त्या कथलासकट मी हिला घेतलं असतं. तो डाग हिच्या आयुष्यातला होता. हा तुमच्या दवाखान्यातला आहे."

बहिणी मात्र त्यांना हव्या होत्या. सोबत दुसऱ्या कोणाची तरी किटली ठेवू म्हणाल्या. डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने दोघींना मऊ कापडात गुंडाळून दिलं.

बाई गेल्यावर ते मला कपाटात ठेवायला निघाले. बायकोने वाटेतच अडवलं.

"आता कशाला कोंडताय तिला? लग्न मोडलंय बिचारीचं, नोकरी तरी करू दे."

तेव्हापासून मी नोकरीत आहे. प्रदर्शन संपल्यावर बहिणी परतल्या, त्यांनाही डॉक्टरांच्या बायकोने कामाला लावलं. आम्ही पूर्वीसारख्या काळ्या पडत नाही. चांदीला रोजच्या हातासारखं दुसरं औषध नाही. डॉक्टर अधूनमधून झाकण उघडून आत डोकावतात, "दुखत नाही ना?" विचारतात आणि स्वतःच हसतात. पाहुण्यांना पांढरा ठिपका आधी दाखवतात, वेल नंतर.

तुमच्या कपाटातही माझ्या जातीचं कोणी असेल. त्याच्या अंगावर काही खडबडीत दिसलं तर खरवडण्याआधी विचारा, ते तिथे कशासाठी आलं. आणि त्याला बाहेर काढा. पडलं, चेपलं, तर चेपू दे. आम्ही ठोके खाऊनच घडलो आहोत, एवढ्याने मोडत नाही.

बरं, आता कप पुढे करा.