डोळे धुणारं घर

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला, सगळे लोक बैलांचे खांदे तुपा-हळदीनं चोळतात. आमच्या घरात त्याच्याही आधी बैलांचे डोळे दुधानं धुतात. गावात ही रीत आमच्या एकट्यांची. नवी सून आली की शेजारणी तिला मुद्दाम विचारतात, बैलांना काजळ पण घालता का म्हणून. मलाही विचारलं होतं. मी तेव्हा अठरा वर्षांची, पण तोंड आजच्याएवढंच होतं. म्हटलं, घालतो, आणि उरलं तर तुम्हालाही लावू. तेव्हापासून गावात मला बनुबाई न म्हणता 'काजळवाली' म्हणणारे दोन-चार जण अजून जिवंत आहेत.

घरातले पुरुष या रीतीची गोष्ट मोठ्या अभिमानानं सांगतात. माझ्या नवऱ्याचे आजोबा, गहिनीनाथबाबा, दुष्काळात पाथर्डीकडून निघाले आणि भंडारदऱ्याचं धरण बांधायच्या कामावर गेले. त्याला आता एकशेदहा वर्षं झाली. तिथं ते चुन्याच्या घाणीवर होते. तेव्हा सिमेंट नव्हतं. चुना आणि वाळू दगडी चाकाखाली दळायची, ते चाक बैलांनी गोल गोल ओढायचं आणि बैलांमागं बाबांनी चालायचं. दहा वर्षं चालले, पण पुढचं गाव काही आलं नाही. एकदा कळीचा चुना उडून त्यांच्या दोन्ही डोळ्यांत गेला. गाईचं दूध घातलं आणि डोळे वाचले. चुना तर घाणीच्या बैलांच्याही डोळ्यांत जायचा, म्हणून बाबांनी बैलांचे डोळे दुधानं धुवायची रीत घातली. पुढं धरण झालं, पाणी खाली निघालं आणि बाबा त्या पाण्यामागं चालत राहुरीकडं आले. कालव्यावर राबले, दोन एकर जमीन केली. आज आमचा ऊस उभा आहे तो त्या दोन डोळ्यांच्या जिवावर. माझा मुलगा भागवत ही गोष्ट लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगतो.

गोष्ट खरी आहे. फक्त गाय खोटी आहे.

हे मला माझ्या सासूनं, रंगुबाईनं, पहिल्या बाळंतपणात दार लावून सांगितलं. तिला तिच्या सासूनं, म्हणजे बाबांच्या बायकोनं, चांगुणानं असंच सांगितलेलं. चुना उडाला तेव्हा बाबा मातीत गडाबडा लोळत होते. भर उन्हाळा, नदी खाली दरीत, हौदातलं पाणी चुन्यानं पांढरं झालेलं. राजूरकडच्या डोंगरातली साळूबाई तिथं पाट्या वाहत होती. तिचं तान्हं पोर झाडाखाली झोळीत होतं. तिनं पाटी टाकली, बाबांचं डोकं मांडीवर घेतलं आणि दीडशे माणसांदेखत पदर सारून आपलं दूध त्यांच्या डोळ्यांत पिळलं. एक बाजू रिकामी झाली तशी दुसरी. पोर झोळीत रडत राहिलं. संध्याकाळी चांगुणा तिच्या पाया पडायला गेली, तर ती म्हणाली,

"पानी अस्तं तर पानीच वतलं अस्तं, बया. घागरीवर घागर वतली अस्ती. धरन बांधाया आलो न् डोळं धुवाया पानी न्हाई."

साळूबाई बाबांहून वयानं लहान होती. तरी बाबा मरेपर्यंत तिला आई म्हणाले. माझ्या सासऱ्यांना मात्र या गोष्टीची लाज वाटायची. लोक काय म्हणतील म्हणून त्यांनी गोष्टीत एक गाय आणून बांधली. बायकांनी खरं ते जपलं आणि सुनेच्या ओटीत टाकलं. रंगुबाईनं मला बजावलं होतं, हे आपल्यापाशी मरू देऊ नको.

आणि मी नेमकं तेच करत होते. भागवतची बायको हे ऐकायच्या आधीच तापानं गेली. नातसून ज्ञानेश्वरीला सांगू सांगू म्हणता तिचं बाळ तीन महिन्यांचं झालं. अशात भागवतनं चैत्रात शेवटची बैलजोडी विकली. यंदा ट्रॅक्टरची पूजा करू म्हणाला, ट्रॅक्टरला कुठं डोळे असतात. रीतच गेली की कशासाठी करता हे विचारणार कोण, आणि साळूबाईचं नाव घेणार कोण? उघडा नळ दिसला की मी घर डोक्यावर घेते, पण मुलासमोर हे एक वाक्य माझ्या तोंडातून निघत नव्हतं. तोही आजोबासारखाच लाजेल, ही भीती होती.

पोळ्याच्या चार दिवस आधी माझा नातू करण रिकाम्या गोठ्याला चुना द्यायला लागला. कळ्या थोड्या थोड्या पाण्यात सोडायच्या असतात, यानं सगळी पिशवी एकदम पिंपात उलटी केली. चुना रटरट उकळला आणि त्याच्या तोंडावर उडाला. करण ओरडत खाली बसला, डोळे उघडेनात. भागवत स्वयंपाकघरात पळाला आणि दुधाचा तांब्या घेऊन आला. जन्मभर ऐकलेली गोष्ट, बिचारा दुसरं काय करणार? मी ट्रॅक्टर धुवायची नळी ओढून घेतली होती. तो पुढं सरकला तशी मी मधे उभी राहिले.

"दूध न्हाई, पानी. ज्या बाईनं बाबाचं डोळं वाचवलं, तिनंच सांगून ठिवलंय."

"कोन बाई?"

"धर त्याचं डोकं. सांगते."

आणि सांगितलं. नळी करणच्या डोळ्यांवर धरून, पाण्याच्या आवाजाच्या वर आवाज काढून, सगळं सांगितलं. साळूबाई, झोळीतलं पोर, सारलेला पदर, खोटी गाय. ज्ञानेश्वरी बाळाला छातीशी धरून ऐकत होती. कुंपणापलीकडं शेजारची कडूबाई आणि तिच्या घरची चार माणसं उभी होती. अर्धा तास पाणी वाहिलं, अंगणात तळं झालं, आणि मी, मीच, म्हणत होते, आणखी वाहू दे.

दवाखान्यात डॉक्टरांनी डाव्या डोळ्यावर पट्टी बांधली आणि आठ दिवसांनी यायला सांगितलं. दोन्ही डोळे राहतील म्हणाले. मी तिथंच बाकावर बसून रडले.

 भागवत मात्र माझ्याशी कामापुरतंच बोलायला लागला. कडूबाईमार्फत गोष्ट गावभर झाली होती. मी समजले, याला लाज वाटतेय. खांदेमळणीला मी एकटीनंच ट्रॅक्टरचे पुढचे दोन दिवे धुतले, दुधानं नाही, नळाच्या पाण्यानं. धुता धुता मनात आलं, हे पाणी कालव्याचं, कालव्यात येतं ते धरणाचं, आणि त्या धरणाच्या सांध्यासांध्यांत बाबांनी दळलेला चुना आहे. साळूबाईपाशी त्या दिवशी जे पाणी नव्हतं, ते तिनंच पाट्या वाहून अडवलं, म्हणून ते माझ्या नातवाच्या डोळ्यांना मिळालं. तिच्या त्या उपाशी रडलेल्या पोराचं नावसुद्धा आम्हाला माहीत नाही. त्याचेही आमच्यावर उपकार आहेत. मी मनातल्या मनात दोघांना हात जोडले. भागवत ओसरीवरून बघत होता.

आठ दिवसांनी पट्टी निघाली. करणनं भिंतीवरची अक्षरं वाचली, अगदी खालची बारीक ओळ सोडून सगळी. डॉक्टर म्हणाले, लोक डोळ्यात तूप घालून आणतात, दूध घालून आणतात. इतका वेळ पाणी घालायचं तुमच्यात कुणाला सुचलं?

मी तोंड उघडणार, तेवढ्यात भागवत बोलला.

"आमच्या खापरपनजीनं सांगून ठिवलंय. साळूबाई तिचं नाव. राजूरकडची हुती."

डॉक्टरांनी मान हलवली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. पण भागवतनं खुर्ची पुढं ओढली आणि दुष्काळापासून सांगायला सुरुवात केली. बाहेर मोठी रांग होती. मी काही त्याला थांबवलं नाही.