गाडी तापली आणि आळ माझ्यावर

मित्रांनो, मी एक जुना थर्मोस्टॅट आहे. नाव ऐकून तोंड वाकडं करू नका. मुठीत मावेन एवढाच आहे मी, पण मोटारीचं इंजिन माझ्या तंत्राने चालतं. माझ्या पोटात मेण भरलेलं आहे. इंजिन थंड असलं की मी दार लावून बसतो, म्हणजे ते लवकर ऊब धरतं. पाणी पुरेसं तापलं की मेण फुगतं, मी दार उघडतो आणि पाणी गार व्हायला रेडिएटरकडे धावतं. माझ्या अंगावर ८२ हा आकडा कोरलेला आहे. त्या अंशाला मी उघडणार म्हणजे उघडणार. यासाठी मला कुणी आठवण करून द्यावी लागत नाही.

माझा जन्म दिल्लीजवळच्या मानेसरच्या कारखान्यातला. मी बसलो ती गाडी रमाबाईंनी घेतली. त्या मूळच्या अमरावतीच्या, पण दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या एका सरकारी कार्यालयात नोकरीला होत्या. पन्नाशी उलटल्यावर त्या गाडी शिकल्या तेव्हा ऑफिसातले लोक गालातल्या गालात हसले. पुढे तेच लोक पावसात त्यांच्याकडे लिफ्ट मागू लागले. निवृत्तीनंतर त्या गुरुग्रामला मुलगा सुगत आणि सून क्रांती यांच्याकडे राहायला आल्या, पण रविवारी दिल्लीच्या बुद्धविहारात जाणं काही सुटलं नाही. वाटेत दोन थकलेल्या मैत्रिणींनाही त्या गाडीत घेत. दिल्लीची हाडं गोठवणारी थंडी असो की जूनची भाजून काढणारी झळ, लू, मी एकदाही दगा दिला नाही. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

या मे महिन्यात मात्र गाडी तापू लागली. धौला कुआँच्या जाममध्ये काटा लाल रेषेवर गेला, बॉनेटमधून वाफ निघाली आणि तिघी बायका भर उन्हात रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या.

सोसायटीजवळच्या गॅरेजातल्या मिस्त्रीने बॉनेट उघडून जरासं वाकून पाहिलं आणि सरळ मलाच उपटून काढलं. "आंटीजी, थर्मोस्टॅट गया. वैसे भी दिल्ली की गर्मी में इसका क्या काम?" ना तपास, ना विचारपूस. तो मला भंगारात फेकणार इतक्यात रमाबाईंनी हात पुढे केला. "वो मुझे दे दीजिए," त्या म्हणाल्या आणि त्यांनी मला गाडीच्या पुढच्या कप्प्यात ठेवलं.

पुढच्या रविवारी गाडी पुन्हा तापली. मी जागेवर नव्हतो तरी तापली! खरं सांगतो, मला वाईट वाटलं आणि थोडं बरंही वाटलं. आता तरी माझ्यावरचा आळ जाईल, असं मला वाटलं. आळ गेला, पण तो जाऊन बसला रमाबाईंच्या डोक्यावर.

"आई, पार्ट काढला तरी तापतेय, म्हणजे प्रॉब्लेम ड्रायव्हिंगचा आहे," पार्किंगमध्ये गाडीजवळ उभा राहून सुगत म्हणाला. "तू फर्स्ट गियरमध्ये रेटत असशील. चावी दे, गाडी विकून टाकू. तुला कॅब बुक करून देत जाईन मी."

रमाबाईंनी चावीवरची मूठ आवळली. तो वर गेल्यावर त्या शेजारी उभ्या असलेल्या क्रांतीला म्हणाल्या, "चावी दिली की मी विचारून घराबाहेर पडणारी बाई होईन गं. सगळी हयात त्यातच नाही काढली मी."

क्रांती मानेसरला सुट्या भागांच्या तपासणी विभागात काम करते. "आई, तो थर्मोस्टॅट आहे ना तुमच्याकडे? चला, बघूनच टाकू," ती म्हणाली.

घरात येऊन तिने ओट्यावर चहाचं पातेलं घेतलं. "त्यात नको, याला इंजिनातलं कूलंट लागलंय, ते विषारी असतं. ते जुनं घे," रमाबाईंनी टोकलं. मला दोऱ्याने पाण्यात सोडलं, शेजारी थर्मामीटर धरला. सुगत दारात येऊन उभा राहिला. पाणी सत्तर अंशांवर गेलं. मी हललो नाही.

"बघ, जाम आहे तो," सुगत म्हणाला.

"थांब जरा," क्रांती म्हणाली.

ऐंशी. मग ब्याऐंशी. मी दार उघडलं. सावकाश, पूर्ण आणि कोरलेल्या आकड्याला धरून. बाहेर काढल्यावर तितक्याच शिस्तीत मिटलो. आयुष्यभर अंधारात काम केलेल्या मला त्या दिवशी तीन माणसं डोळे मोठे करून बघत होती. छाती असती तर फुगली असती.

"हा बिल्कुल ठीक आहे," क्रांती म्हणाली. "हा बंद अवस्थेत अडकला असता तर गाडी मोकळ्या रस्त्यावरही तापली असती. आई, नेमकी कधी तापते?"

"जाममध्ये उभी असली की. पळू लागली की काटा खाली येतो. मी सांगितलं होतं सुगतला."



"अच्छा, म्हणजे उभ्या गाडीला वारा मिळत नाहीये." मला घेऊन तिघंही खाली आले. क्रांतीने इंजिन सुरू करून एसी लावला. रेडिएटरचा पंखा लगेच फिरायला हवा होता. तो ढिम्म हलला नाही. त्याची मोटर जळलेली होती.

नवा पंखा बसला. मिस्त्री मला पुन्हा लावायला कुरकुरला, तेव्हा रमाबाई म्हणाल्या, "इसके बिना सर्दियों में इंजन ठंडा रहेगा तो पेट्रोल ज़्यादा खाएगा. लगाइए." मी माझ्या जागी परतलो.

मित्रांनो, गाडी तापली तर आधी थांबा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण चुकूनही उघडू नका. आणि कुणाला निकामी ठरवण्याआधी त्याला एकदा तपासून बघा, त्याचं म्हणणं ऐकून घ्या. माझी एवढीच विनंती आहे.

त्या रविवारी सुगत खात्री करून घ्यायला शेजारच्या सीटवर बसला. जाम लागला. गाडी तासभर मुंगीच्या पावलांनी सरकत होती. मी उघडलो, पंखा फिरला, काटा मध्यावर थांबला. मागच्या सीटवर दोघी मैत्रिणी जोरजोरात गप्पा मारत होत्या. तेवढ्यात रमाबाईंचा आवाज माझ्यापर्यंत आला.

"हळू बोला गं. सुगतला झोप लागलीय."