पानावरची क्वार्टर

सर्वपित्री अमावास्येला बदलापूर गावात आमच्या वेणूताईकडे पितरांची पानं वाढतात. गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते पानावर ठेवायचं. तिचे यजमान दौलतराव जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांच्या पानावर वडे, खीर, भोपळ्याची भाजी आणि शेजारी एक क्वार्टर. नमस्कार झाले की ती बाटली राजूची, वडिलांचा प्रसाद म्हणून. राजू तिचा थोरला, आनंदनगरला कारखान्यात सुपरवायझर.

यंदा त्याच्या बहिणीने, किर्तीने, बाटली उचलून मोरीत नेऊन ठेवली. राजूने ती परत आणून पानावर आपटली.

"दादा, सोनोग्राफीत लिव्हर सुजलेलं आलंय तुझं. डॉक्टरांनी विचारलं, घरात कोणाला शुगर, कोणाला लिव्हरचं? तू सांगितलंस, कोणालाच नाही."

"मग? बाबा काविळीने गेले."

"पिऊन पिऊन गेले! पोटातलं पाणी काढायचे, आठवत नाही?"

"ए, लॅबमध्ये सुया टोचतेस म्हणून डॉक्टर नाही झालीस. कंपनीतला कल्पेश माझ्या दुप्पट मारतो. एकदम फिट आहे."

"त्याच्या घरात शुगर नसेल. तुझ्याकडे दोन्ही बाजूंनी आलंय, बाबांकडून दारू, आईच्या माहेराकडून शुगर. शुगर आणि दारू एकाच लिव्हरवर बसली की दुसऱ्याला चालते तेवढीही तुला चालत नाही."

"दोन्ही बाजूंनी?" वेणूताई झाऱ्यासकट स्वयंपाकघरातून बाहेर आली. "माझ्या माहेराला बोट लावलंस तर थोबाड फोडीन, किर्ते. आमच्यात कोणाला काही नाही. विचार चंदूला."

चंदू म्हणजे मी, तिचा धाकटा भाऊ. कीर्तनात बुवांच्या मागे टाळ धरणारा. अंबरनाथ पूर्वेला किर्तीच्याच लॅबमध्ये माझं रक्त तपासायला जातं. माझ्याबद्दल तिने आजवर कोणाजवळ चकार शब्द काढला नव्हता. आताही काढला नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली.

मी पानावरचे वडे बघत बसलो.

"बोला की मामा," ती म्हणाली. "टाळ वाजवायला तोंड लागत नाही, म्हणून मागे उभे राहता का?"

लागलं हो ते. आयुष्यभर पांडुरंगासमोर उभा राहिलो, आणि भाच्याच्या जिवावर आलं तरी मी वड्यांकडे बघतोय!

"राजू," मी म्हणालो, "मला बारा वर्षं शुगर आहे. आमच्या आईचा पाय बैलगाडीखाली नव्हता गेला. शुगरने सडला, म्हणून कापला. ताईचं लग्न ठरत होतं, म्हणून तुझ्या बाबांच्या घरच्यांना तसं सांगितलं. आणि ताईच्या गोळ्या..."

"चंदू!"

"...देव्हाऱ्यात, कापराच्या डबीत आहेत."

वेणूताईने झारा भिरकावला. तो माझ्या खांद्याला लागला. "शपथ घेतली होतीस आईची! मुडद्या, पितरांच्या पानासमोर माझी अब्रू काढलीस!"

राजू उठला, कापराची डबी उघडून बघितली, तशीच बंद केली. मग पानावरची क्वार्टर उचलली. किर्तीने हात धरला तर तिला ढकललं. मला वाटलं, आता तोंडाला लावतोय.

त्याने ती माझ्या मांडीवर फेकली.

"घेऊन जा. सगळे खोटारडे. बाबांनाही सांगितलं नाहीत, मलाही नाही. परत या घरात पाऊल टाकू नका, मामा."

"नको टाकूस," ताई म्हणाली. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझं पान तिने उचलून नेलं.

मी बाटली टाळांच्या पिशवीत घातली. ओटीवर चपला घालत होतो तेव्हा आतून राजूचा आवाज आला, अजून तसाच करवादलेला.

"किर्ते, उपाशीपोटी किती वाजता यायचं?"

"सातला."

"आईलाही आणतो. आणि लेक्चर दिलंस तर तिथंच कानाखाली देईन."

रस्त्याला लागलो. पिशवीत दर पावलाला टाळ बाटलीवर वाजत होते.