इनबीइंग

मारोतराव सरांना लकवा मारला त्याला चार महिने होत आले होते. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. अनसिंगच्या शाळेत पोरांना जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या माणसाच्या तोंडात एकच शब्द उरला आणि तोही कोणाला कळेना.

"इन्... बी... इंग."

"बी मांगून राह्यले," प्रयागबाई म्हणाल्या. मंगरूळपीरला लागून त्यांचा भाजीचा मळा. त्यांना दुसरं काय सुचणार? त्यांनी मेथीचं बी आणून नवऱ्यापुढे धरलं. सरांनी डाव्या हाताने पुडी उडवून लावली. बी घरभर सांडलं.

"डोकंच राह्यलं नाई आता बाबाचं," त्यांचा मुलगा हरीओम म्हणाला.

सून वर्षाराणीला मात्र तो शब्द चैन पडू देईना. वांगी तोडतानाही तो डोक्यात घोळायचा. एकदा तर तिने वांग्यांऐवजी फुलंच खुडून टोपलीत टाकली. तिच्या ध्यानात एक गोष्ट आली होती. सर हा शब्द उगाच, कधीही म्हणत नव्हते. त्यांच्यासमोर कोणी त्यांच्याविषयीच बोलू लागलं, की म्हणत.

त्या दुपारी जेवताना हरीओमने विषय काढला. मळ्यात काम तुंबलंय, बाबांकडे बघायला माणूस नाही. दोन-तीन महिने त्यांना धनजच्या आत्याकडे ठेवू.

"उद्या सकाळी गाडी येते. त्याह्यले काय, इथं काय अन् तिथं काय! समजते कुठं?"

"इन्बी... इंग!" बाजेवरून आवाज आला. सरांची मान ताठ झाली होती, कपाळ घामाने भिजलं होतं.

"घ्या, झालं सुरू," हरीओम म्हणाला.

 ताट सारून वर्षाराणी उठली आणि आतल्या खोलीत जाऊन तिने सरांची लोखंडी पेटी उघडली. वर पिवळे पडलेले पेपर, खाली एक जाड वही. सरांना अडलेला प्रत्येक इंग्रजी शब्द त्यात उतरवलेला होता. बी.ए. झाली तरी वर्षाराणीची इंग्रजीशी कधी गट्टी जमली नव्हती. 'आय'ची पानं तिने बोट फिरवत चाळली. सापडेना. पुन्हा चाळली. बाहेरून हरीओमच्या दोन हाका येऊन गेल्या. तिसऱ्या खेपेला बोट 'इनबीइंग'वर थांबलं. शब्दापुढे सरांच्या बारीक अक्षरात मराठी अर्थ होता: 'फार कमी वापरात. माणसाचं आतलं असणं. त्याचा गाभा.'

वही तशीच उघडी धरून ती धावत बाहेर आली आणि बाजेशी बसली.

"मामाजी, तुमी आत हायेच, असंच म्हणून राह्यले ना? सारं समजते ना तुमाले? हो असन तर माहा हात दाबा."

सरांनी तिचा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

"धनजले जायचं?"

हात सैल पडला.

"इथंच राह्यचं?"

पुन्हा तीच पकड. सरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

प्रयागबाई मटकन खाली बसल्या. "अवं माय! चार मयने मी याह्यच्यासमोर काय काय बोलली वं! मरन आलं तर सुटतीन, असंबी म्हनली."

हरीओम उठला. तो अंगणात गेला, गाडीवाल्याला फोन करून नको म्हणाला आणि बराच वेळ आत आलाच नाही. आला तेव्हा वडिलांच्या पायाशी बसला. नजर मात्र वर करेना. सरांनी डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला.

वर्षाराणीचा जीव तरी कुठे थाऱ्यावर होता? चार महिन्यांचं बोलणं या माणसात कोंडलेलं. होय-नाहीने ते कसं सुटणार? दिवेलागणीच्या आत तिने नवी तऱ्हा काढली. ती एकेक अक्षर म्हणायची, हवं ते आलं की सरांनी हात दाबायचा.

'म'वर हात दाबला गेला. मग तिने बाराखडी म्हटली. म, मा, मि, मी. पुन्हा दाब.

"मी!" वर्षाराणीला भरून आलं. "बोला मामाजी. मी काय?"

पण सर तिचा हात सोडेनात. शब्द पुरा झाला नव्हता. तिने परत 'क'पासून सुरुवात केली. सर 'ठ'वर थांबले.

"मीठ?"

सरांनी हात दाबला आणि बाजेजवळच्या खिचडीच्या वाटीकडे रागाने पाहिलं.

"डाक्तरनं कमी सांगतलं व्हतं, म्या तं टाकलंच नाई," म्हणत प्रयागबाई रडता रडता हसू लागल्या आणि चुलीकडे धावल्या.