हरिबाच्या घरचा फ्रेंच दरवाजा

मी हरिबाच्या घरचा फ्रेंच दरवाजा. घाबरू नका, मराठीच बोलतो. फ्रेंचमधला एक शब्द येत असेल तर शपथ! माझा जन्म महाडचा, लाकूड सागवानी, काच मुंबईहून टेम्पोतून आलेली, आणि मुक्काम पोलादपूर तालुक्यात, उमरठच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या एका वाडीत. 'फ्रेंच' हे नुसतं आडनाव.

ते कसं लागलं तेही सांगतो. फार पूर्वी फ्रान्समध्ये घरांच्या भिंती जाड आणि आत अंधार. विजेचे दिवे नव्हतेच. मग कुणाच्या तरी मनात आलं, खिडकीच जमिनीपर्यंत खाली आणली तर? उजेडही आत येईल आणि माणसाला सज्जात जाता येईल. झालं! खिडकी वाढत वाढत दरवाजा झाली. म्हणजे मूळचे आम्ही खिडक्याच, अंगानं जरा जास्त वाढलेल्या.

आमच्या घराण्यात दोन झडपा मधोमध मिटतात आणि उघडल्या की मध्ये खांब उरत नाही. कुणी छोट्या छोट्या तावदानांचे, कुणी डोक्यावर कमान मिरवणारे, हल्लीचे काही ॲल्युमिनियमचे, अंगानं सडपातळ आणि अखंड काचेचे. रुळावरून सरकणारे ते दुसरे. आमची भावकी सांगत फिरतात, पण त्यांच्याशी आमचं काही नातं नाही.

हरिबाचा मुलगा विनोद मुंबईत बंगल्यांना रंग देण्याचं काम करतो. एका बंगल्यात त्यानं माझ्यासारखा दरवाजा रंगवला आणि तो त्याच्या डोक्यातच जाऊन बसला. गावी नवं घर बांधायला काढलं तेव्हा तो थेट महाडला मुरारी मिस्त्रीकडे गेला.

"फ्रेंच म्हंजे कसा रे?" मुरारीनं विचारलं.

"दोन पाखी. नि सगळी काच."

"सगळी काच? मग दरवाजा कुठाय त्यात?"

विनोदनं मोबाइलवर फोटो दाखवला. मुरारीनं तो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला, आणि म्हणाला, "ह्यातनं सगळं घर दिसंल की गावाला."

"आपल्यालाबी गाव दिसंल ना!"

असा मी जन्मलो. काच मात्र मुरारीनं हट्टानं जाड, सहज न फुटणारी घेतली. त्या एका हट्टापायी मी आज जिवंत आहे.

वाडीपर्यंत गाडी जात नाही. शेवटची चढण मला डोक्यावरून नेलं. माझ्या काचेत आभाळ, झाडं, उलटीसुलटी माणसं दिसत होती आणि मला वाटलं, काय थाट आहे आपला! दारात साळूबाई उभी होती. विनोदची आई. तिनं मला नखशिखांत पाहिलं आणि म्हणाली, "दरवाजा आणाया गेलावतास ना? मग ह्यो आरसा कुणाचा आणलास?"

पहिल्या दिवसापासून वाडी माझ्यासमोरून जाताना हळू चालू लागली. शेजारची राहीबाई तर अंगणातूनच ओरडायची, "साळूबाय, तुमचं दूध उतू चाललंय गो!" हरिबाची दुपारची झोप वाडीभर जाहीर झाली. तो रानात गेलाय असं घरचे सांगत, आणि तो माझ्यामागे आडवा पडलेला, पोटावर हात ठेवून, सगळ्यांना दिसे.

एक खूश होती ती विनोदची बायको माधुरी. तिला दिवसा दिवा लावायला लागेना. तांदूळ निवडताना खडा लगेच दिसायचा. दोन्ही झडपा उघडल्या की वारा आरपार जायचा, आणि तिचं लग्नातलं कपाट मी तिरकं न करता, सन्मानानं आत घेतलं होतं. हे गुण मी मुद्दाम सांगतो, कारण साळूबाईनं ते ऐकूनच घेतले नाहीत. विनोद मुंबईला परतला त्याच दिवशी तिनं आपलं जुनं गडद हिरवं लुगडं माझ्या आतल्या बाजूनं दोरीवर टांगलं. वर कडी लावली, येणं-जाणं मागच्या दारानं.

"आता ऱ्हा गप," ती मला म्हणाली.

राहिलो. आणि तिथून खरा घोळ सुरू झाला.

साळूबाईचा एक बोकड आहे. नाव हवालदार. दाढी मोठी, मान ताठ, आणि सगळ्या शेळ्या रांगेत चालल्या पाहिजेत असा त्याचा बाणा. त्याची आई मेल्यावर साळूबाईनं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. ती सोडून तो कुणाला जुमानत नाही.

काचेमागे गडद कापड टांगलं की काचेचा आरसा होतो. हे मला कळत होतं, घरात कुणाला कळत नव्हतं. एका सकाळी हवालदार अंगणात आला, आणि त्याला माझ्यात दुसरा हवालदार दिसला. तीच दाढी. तीच ऐट. शिवाय तो दुसरा साळूबाईच्या घरात उभा!

त्यानं मान खाली घातली. त्या दुसऱ्यानंही घातली. मी मनातल्या मनात म्हटलं, अरे बाबा, तो तूच आहेस! पण दरवाज्याचं कोण ऐकतं? धडाम! माझं चौकटीपासून कडीपर्यंत सगळं अंग थरथरलं. काच मात्र टिकली. हवालदार चार पावलं मागे सरकला, दुसराही सरकला, आणि हवालदाराला वाटलं, हा भ्यायला. मग काय, रोजचंच झालं.

तो चरायला जाईना. शेळ्या रानात जायच्या आणि हा दिवसभर माझ्यापुढे पहारा देत उभा. एकदा टक्कर सोडवायला साळूबाई धावली आणि ओल्या सारवणावरून घसरली. महाडला नेऊन पायाला प्लास्टर घालून आणलं. आता ती आतल्या खाटेवर, तो बाहेर, आणि मध्ये मी, लुगडं नेसून.

ती दिसेना तसं हवालदारानं खाणंच सोडलं. माधुरीनं पाला पुढे केला, त्यानं तोंड फिरवलं. मग हरिबानं डोकं चालवलं. साळूबाईचं दुसरं लुगडं अंगावर घेतलं, डोक्यावरून पदर ओढला आणि आवाज बारीक करून म्हणाला, "ये रे हवालदारा, खा रे माझ्या लेकरा." हवालदारानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. नंतर हरिबा पायरीवरून थेट अळूच्या वाफ्यात गेला. राहीबाई कुंपणाला धरून हसत होती, ती हसतच घरी गेली.

आत मात्र कुणी हसत नव्हतं. साळूबाईला खाटेवरून हवालदाराच्या बरगड्या दिसत नव्हत्या, पण माधुरीच्या चेहऱ्यावरून कळायचं. साळूबाई भाकरी अर्धी टाकून द्यायची. "त्यो उपाशी हाय नि मी कशी गिळू?" म्हणायची.

विनोद धावत गावी आला.

"आई, बोकड इकून टाकू. दुसरा आणू."

"तुला इकंन!" साळूबाई कडाडली. "ह्यो दरवाजा काढ. फळ्यांचा बसव, आंधळा. ह्या काचेत भूत हाय. माझं जनावर मारतंय."

विनोदचा चेहरा उतरला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. किती हौसेनं आणलं होतं मला! पण आईच्या पायाकडे पाहिलं आणि त्यानं मुरारीला फोन लावला. "काढायचाय," एवढंच बोलला.

मुरारी हत्यारांची पिशवी घेऊन चढण चढून आला. हवालदार अंगणाच्या टोकाला उभा होता. वाळलेला, पण डोळा माझ्यावरच. "बिजागरी काढायची तर आधी ह्यो पडदा हटवा," मुरारी म्हणाला. माधुरीनं लुगडं ओढून काढलं. मुरारीनं कडी सोडली आणि माझ्या दोन्ही झडपा आत भिंतीपर्यंत सताड उघडल्या. मी म्हटलं, संपलं आपलं.

हवालदारानं पाहिलं. शत्रू नाही! पळाला! तो मान खाली घालून सुटला. मुरारी पिशवीसकट कपाटाला चिकटला. हवालदार उंबऱ्यावरून उडाला, फरशीवर चारी पाय फाकले, आणि घसरत घसरत साळूबाईच्या खाटेला जाऊन थडकला. उठला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कपाटामागे डोकावला. खाटेखाली वास घेतला. कुणी नाही. मग त्यानं समोरच्या ताटातली अर्धी भाकरी उचलली आणि उभ्या उभ्या चघळू लागला.

"खातोय गो!" साळूबाई ओरडली. "माधुरी, खातोय बघ!" आणि त्याच्या मानेला मिठी मारून रडायला लागली. हवालदार तिच्या पदराचं टोकही चघळत होता, तिला पत्ता नव्हता.

डोळे पुसून तिनं मान वर केली, आणि पहिल्यांदाच माझ्यातून बाहेर पाहिलं. समोरचा अख्खा उतार. त्यावर तिच्या शेळ्या, ठिपक्याठिपक्यांनी पसरलेल्या.

"ती बांडी शेळी करवंदीत अडाकलीय," ती खाटेवरूनच म्हणाली. "अवो, कुनीतरी जावा!" हरिबा पळाला.

मुरारीनं पेचकस पुढे केला. "काढू ना मग?"

"काय काढतोस रे? हात लावशील तर बघ!"

विनोदनं तोंड उघडलं होतं. माधुरीनं त्याला डोळ्यानंच गप्प केलं. बरं केलं.

त्याला आता बरेच दिवस झाले. प्लास्टर निघालं, साळूबाई रानात जाते. मी दिवसभर उघडा असतो, मिटलो तरी लुगड्याविना. कुणी आपटू नये म्हणून काचेवर माणसांच्या उंचीला टिकल्यांची ओळ आहे आणि बोकडाच्या उंचीला आणखी एक. परवा विनोद फोनवर म्हणाला, मुंबईहून पांढरे पडदे आणतो. साळूबाई म्हणाली, "नको. दुपारी माधुरी उंबऱ्यात बसती जरा. तिला बघू दे की भायेर."

माझी तेवढीच विनंती आहे. माझ्यासारखा कुणी तुमच्या घरी आला, तर त्याला झाकू नका. आणि कधी उमरठच्या बाजूला आलात तर आमच्याकडे या, मी उघडाच असेन. माधुरी चहा टाकेल, साळूबाई तुमची सगळी चौकशी करील. फक्त खिडकीजवळच्या लाल खुर्चीवर बसू नका. ती हवालदाराची. तुम्ही बसलात तर तो काही करत नाही, नुसता समोर उभा राहून बघतो. पण त्या खुर्चीतला चहा आजवर एकाही पाहुण्याला संपवता आलेला नाही.