बे ब्रिजपलीकडचे हंस

सत्यजित डेलावेअरला राहायला गेला, तेव्हापासून सईला अर्ध्या वाटेवर एकमेकांच्या हवाली करायचं ठरलं. आश्लेषा अ‍ॅशबर्नहून निघायची, तो तिकडून यायचा. बे ब्रिज ओलांडल्यावर पाण्याकाठी एक छोटं पार्क लागतं. तिथल्या पार्किंगमध्ये सहा वर्षांची सई आईच्या गाडीतून उतरून बाबाच्या गाडीत बसायची. एक आठवडा सोडून, शनिवारी सकाळी. रविवारी दुपारी तो तिला परत आणून सोडायचा.

रविवारी आश्लेषा बरीच आधी येऊन थांबायची. सईविना घर खायला उठायचं. जानेवारीत एकदा अशीच काचा लावून बसली असताना बाहेरून गलका ऐकू आला, लग्नघरातून येतो तसा. उतरून पाहते तर पाण्यावर हंसच हंस, थंडीपुरते उत्तरेकडून आलेले. माना उंच करून सारखे बोलत होते. ती कठड्याला टेकून बघत राहिली. बोटं बधिर झाली तरी पाय निघेना. कुणाला तरी सांगावं म्हणून फोन काढला. पण भारतात रात्र, आई झोपली असणार. तिने फोन खिशात ठेवला.

तेवढ्यात सत्यजितची गाडी आली.

"खोकला आहे थोडा. सिरप दिलंय," सईची बॅग देत तो म्हणाला.

"बरं. सई, चल, तुला एक गंमत दाखवते."

"स्वान्स ना? आय नो. वी ऑलवेज वॉच देम."

"कधी गं?"

"सॅटर्डेला. तू गेलीस की. बाबा म्हणतो, आधी आईची कार जाऊ दे."

सत्यजित बुटांकडे बघत म्हणाला, "तुला घाई असते, म्हणून."

"मला कसली घाई?"

भांडणाचा सूर नव्हता. तरी तो "निघतो" म्हणाला आणि निघालाच.

पुढच्या खेपेला, शनिवारी, सईला सोपवून आश्लेषा गाडीत येऊन बसली, पण किल्ली फिरवली नाही. आरशात दोघं दिसत होती. सत्यजितने सईची टोपी कानांवर ओढली. सईने हात हलवला. थोड्या वेळाने पुन्हा हलवला. पाण्याकडे पाठ करून दोघं तिच्या गाडीकडे बघत उभी होती.

उतरावं, जाऊन त्यांच्याशेजारी उभं राहावं. तो नको म्हणाला नसता. सरकून जागाही दिली असती. पण मग सई हंस बघणार नाही, दोघांच्या मधे उभी राहून त्यांच्याच चेहऱ्यांकडे बघत बसेल, हे आश्लेषाला पक्कं ठाऊक होतं. तिघं एका घरात होती ते शेवटचं वर्षभर सईने तेच केलं होतं.

तिने गाडी सुरू केली. फाटकापाशी वळताना दिसलं, सई बाबाचा हात सोडून कठड्याकडे पळत सुटली होती. आश्लेषाने ब्रिजचा रस्ता धरला.